कोंबडीची मान फिरली, पाय लुळे पडले, थरथरतेय: पहिल्यांदा कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी

सकाळी खुराडं उघडलं, बाकीच्या सगळ्या धडधड बाहेर पळाल्या, चिमी मात्र कोपऱ्यातच. डोकं छातीखाली गेलेलं, अगदी उलटं, म्हणजे टाळू जमिनीला टेकलेली आणि चोच पोटाकडे, मी हात लावला तशी ती मागे मागे चालत गेली, भिंतीला आपटली आणि कुशीवर पडली. मला वाटलं मान मोडली, संपलं सगळं. तसं नव्हतं. पुढे तीन-साडेतीन आठवड्यांनी ती सरळ मान करून दाणे टिपायला लागली, पण पहिले दीड-दोन दिवस माझे हे नक्की काय आहे ते शोधण्यात गेले आणि त्या वेळात तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही. तिचं तेवढ्यात जे वजन उतरलं ते भरून यायला सगळ्यात जास्त दिवस लागले. म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने मी तेव्हा वागायला हवं होतं. आधी बाजूला काढा, मग पाणी, मग नीट बघा, आणि आजाराचं नाव सगळ्यात शेवटी.

हे खरंच नसांचं आहे का, ते आधी बघा

नवीन माणसाला कोंबडीच्या चार गोष्टी हमखास घाबरवतात. पहिली म्हणजे मातीत लोळणं. कोंबडी एका कुशीवर पडते, एक पाय लांब ताणते, पंख पसरते, मान वाकडी करून माती अंगावर उडवते, डोळे अर्धे मिटलेले, अगदी आकडी आल्यासारखं दिसतं, पण तुम्ही जवळ गेलात की उठून अंग झटकते. उन्हात पंख पसरून पडणंही तसंच. दुसरी म्हणजे भरपूर खाल्ल्यावर मान नागमोडी वाकवणं, छातीवरची जी अन्नपिशवी असते, ज्याला क्रॉप म्हणतात, त्यातलं धान्य नीट बसवायला त्या असं करतात, अर्ध्या मिनिटात थांबतं. पण दिवसभर वारंवार करत असेल आणि सकाळी उपाशीपोटीही क्रॉप फुगलेला, थुलथुलीत असेल तर क्रॉप तुंबलाय, तो वेगळा आजार.

तिसरी खुडूक कोंबडी. ती घरट्यात चपटी बसून राहते, उचलून जमिनीवर ठेवली तर थोडा वेळ पाय गेल्यासारखी तिथेच बसते, पण फुगते, ओरडते, चोच मारते, म्हणजे अंगात जोर आहे. आणि चौथी, ही मात्र खरी इमर्जन्सी, अंडं अडकलेलं असणं. शेपटी खाली, पेंग्विनसारखी उभी, मागे जोर लावते, पाय अडखळतात. आत अडकलेलं अंडं पायाच्या नसांवर दाबतं म्हणून लकवा मारल्यासारखं वाटतं. अंड्यावरच्या कोंबडीला अचानक चालता येईना झालं की पहिल्यांदा हेच तपासा. तळपायाला काळी खपली आणि सूज असेल तर ती लंगड तळव्याच्या गळवाची, नसांची नाही.

यातलं काहीच नाही आणि मान पिरगळलेली किंवा आकाशाकडे वळलेली, गोल गोल फिरणं, मागे मागे चालणं, डोकं थरथरणं, झटके, एक पाय पुढे एक मागे, पंख एका बाजूला लोंबणं, पायाची बोटं आत मुडपणं, दाण्यावर चोच मारताना नेम चुकणं असं काही दिसत असेल तर पुढे वाचा.

पहिला अर्धा तास

तिला बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, दोन कारणांनी. एक, आजार पसरणारा असू शकतो. दुसरं कारण मला आधी माहीत नव्हतं, निरोगी कोंबड्या आजारी कोंबडीला टोचतात आणि टोचायला त्यांना डोकंच सापडतं. पुठ्ठ्याचं खोकं किंवा मांजराचा पिंजरा चालतो, ती पूर्ण लोळणार नाही इतपत अरुंद असावा. दांडी आत ठेवू नका, पडेल. खाली जुना टॉवेल, वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, त्यावर पाय फाकतात आणि मग पायांची आणखी भर पडते. दुसरा टॉवेल गुंडाळून मेदूवड्यासारखी कडी करा आणि मधल्या खळग्यात तिला बसवा, म्हणजे छाती आणि मान दोन्हीला आधार मिळतो. जागा अंधुक आणि शांत हवी, कारण मान फिरलेली कोंबडी आवाजाने, प्रकाशाने, कुणी अचानक जवळ आलं की जास्तच पिरगळते. हे इतकं स्पष्ट दिसतं की विचारू नका, मी नुसता दिवा लावला की चिमीचं डोकं पुन्हा खाली जायचं.

ऊब साधारण २६ ते ३० अंश पुरे. दिवा लावलात तर खोक्याच्या एकाच टोकाला लावा, तिला गरम झालं तर सरकायला जागा हवी, आणि जिला सरकताच येत नाही तिच्यावर तर दिवा रोखूच नका, उष्माघात होईल. कडक उन्हाळ्यात धापा टाकत, पंख अंगापासून लांब धरून अडखळत असेल तर उलट करायचं, सावली, वारा, पाय गार पाण्यात, बर्फ नको.

आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा, एक-दोन मिनिटांचा, चालताना आणि बसलेली असताना. डॉक्टरकडे नेईपर्यंत कोंबडी घाबरून ताठ उभी राहते आणि लक्षण लपवते, व्हिडिओत ते पकडलेलं असतं.

पाणी, सगळ्यात आधी पाणी

मान फिरलेली बरीच जनावरं मूळ आजाराने मरायच्या आधी तहानेने मरतात. समोर भांडं भरलेलं असतं, तिला प्यायचं असतं, पण चोच भांड्यात जातच नाही, आणि आपल्याला वाटतं ठेवलंय ना पाणी. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त, हे मापाला लक्षात ठेवा.

पाजायचं कसं, तर कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, पंख आत, पाठ तुमच्या पोटाला. डाव्या तळहातात हनुवटीखालून डोकं अलगद धरा आणि जमेल तितकं नेहमीच्या सरळ स्थितीत आणा, ओढून नाही. ती विरोध करेल, तिथेच थांबा, तीस-चाळीस सेकंद नुसतं धरून ठेवा, बऱ्याचदा मानेचा ताण आपोआप उतरतो आणि डोकं हातात जड होतं, तो क्षण कळतो. मग ड्रॉपरने चोचीच्या बाजूच्या फटीवर एक थेंब ठेवा. थेंब तिथे लोंबकळतो, क्षणभर काहीच होत नाही, मग जीभ हलते आणि थेंब आत ओढला जातो, घशाची हालचाल दिसते. दुसरा थेंब त्याच्यानंतर. घशात पिचकारी मारायची नाही म्हणजे नाही, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, पाणी सरळ फुफ्फुसात जातं. घुरघुर किंवा खोकल्यासारखा आवाज आला तर लगेच थांबा आणि डोकं खाली झुकू द्या.

पहिल्या दिवशी दर तास-दीड तासाने हे करावं लागतं, रात्री झोपायच्या आधी एकदा पोटभर. पाण्यात थोडी साखर आणि चिमूटभर मीठ किंवा तयार इलेक्ट्रोलाइट पावडर पहिले एक-दोन दिवस चालते, त्यानंतर साधं पाणी. थोडी सुधारली की खोल, जड पेला छातीच्या उंचीला ठेवून बघा, काहींना असं जमतं.

खायला तिचंच रोजचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ लगदा करून, त्यात उकडलेल्या अंड्याचा पाव भाग कुस्करून. सुटे दाणे मान वाकडी असताना टिपता येत नाहीत, नेम चुकतो, पण उंच वाटीत गच्च भरलेल्या लगद्यात चोच कुठेही पडली तरी काहीतरी तोंडात येतं. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. क्रॉपही रोज हाताने बघा, रात्री भरलेला आणि सकाळी रिकामा असायला हवा. सकाळीही भरलेला असेल तर आणखी भरवू नका, खालचा रस्ता बंद आहे. गडद हिरवी पातळ शीट म्हणजे बहुतेकदा पोटात अन्न नाही, नुसतं पित्त उतरतंय.

स्वतःहून गिळतच नसेल तर नळीने भरवणं हा उपाय आहे, पण पहिल्यांदा डॉक्टरांकडून किंवा येणाऱ्या माणसाकडून प्रत्यक्ष बघून शिका. लिहिलेलं वाचून करू नका.

आता नीट बघा, आणि कागदावर उतरवा

मान ताठ पिरगळलेली आहे की ओल्या फडक्यासारखी लुळी आहे? सगळ्यात जास्त माहिती या एका प्रश्नातून मिळते. ताठ, जोर लावून फिरलेली असेल तर जीवनसत्त्वाची कमतरता, डोक्याला मार, मानमोडी, कानाचं किंवा मेंदूचं इन्फेक्शन, शिसं. लुळी असेल, उचललेलं डोकं धप्पकन खाली पडत असेल तर बोटुलिझम, म्हणजे कुजलेल्या गोष्टींतल्या जंतूच्या विषाने येणारं लुळेपण.

पुढे, वय किती? एकच आजारी आहे की दोन-तीन? सुरुवात अचानक झाली की दोन आठवडे हळूहळू वाढत गेलं? एक पाय की दोन्ही? डोळ्यांच्या बाहुल्या दोन्हीकडे सारख्या, गोल आहेत का, बुबुळाभोवतीचा रंग नेहमीसारखा केशरी-तांबूस आहे की राखाडी पडलाय? डोक्यावर जखम, सूज, खपली आहे का, पिसं बाजूला करून बघा, कानाचं भोकही, त्यात पिवळा घट्ट मळ साचलेला असेल तर इन्फेक्शन. पंखाखाली, मांडीच्या आतल्या बाजूला गोचीड आहेत का, कोंबडीच्या गोचिडाच्या बारक्या अळ्या चिकटून रक्त पितात आणि त्यांच्यामुळे लुळेपण येऊ शकतं, त्या काढल्या की कोंबडी सुधारायला लागते, इतकं साधं. नाकाडोळ्यांतून पाणी, श्वासाला आवाज, शीट कशी, अंडी कधी बंद झाली. आणि महिन्याभरात काय बदललं, नवीन कोंबडी आणली का, खाद्याचं पोतं कधी उघडलं, जवळपास फवारणी झाली का, कुठलं औषध पाण्यातून दिलं.

औषधाचा प्रश्न मुद्दाम घातलाय. पिल्लांना रक्ती हगवणीसाठी देतात ते अँप्रोलियम बी-१ जीवनसत्त्वासारखंच दिसणारं रसायन आहे, जंतूला फसवून त्याचं बी-१ तोडतं, आणि जास्त प्रमाणात किंवा जास्त दिवस दिलं तर कोंबडीचंही बी-१ तुटतं. अशा वेळी आपण औषध देतोय आणि मान फिरत चाललीय असं होतं. कोर्स चालू असताना बी-१ दिलं तर औषधाचा परिणाम मारला जातो, म्हणून दोन्ही एकदम सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून एक ठरवा.

काय दिसलं तर काय असू शकतं

जीवनसत्त्वाची कमतरता पहिल्यांदा घेतो, कारण घरच्या घरी सुधारता येण्यासारखी तीच आहे आणि त्यात वेळ लावला तर नुकसान कायमचं होतं. बी-१ कमी पडलं की मान मागे जाते, तोंड आकाशाकडे, कोंबडी घोट्यांवर बसून तारे बघत असल्यासारखी. इ जीवनसत्त्व कमी पडलं की पिल्लांत साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात तोल जातो, डोकं मागे किंवा बाजूला फिरतं, पाय झाडतात, कारण लहान मेंदूत सूज येते. बी-२ कमी असेल तर पिल्लाची बोटं आत मुठीसारखी वळतात आणि ते घोट्यांवर चालतं. खाद्य जुनं, दमट, खवट किंवा बुरशीचं असेल तर यातलं काहीही होऊ शकतं, खवट तेल तर इ जीवनसत्त्व मारूनच टाकतं. पोत्यावर छापलेले आकडे बनवलं त्या दिवशीचे, उन्हात तीन-चार महिने पडलेल्या पोत्यात ते राहत नाहीत. नुसते दाणे आणि घरचं उरलंसुरलं खाणाऱ्या कोंबड्यांतही हे दिसतं.

डोक्याला मार. काही जातींना डोक्यावर पिसांचा मोठा गोंडा असतो, पोलिश, सिल्की वगैरे, त्यांच्यातल्या बऱ्याच कोंबड्यांच्या टाळूला कवटीचं हाड पूर्ण भरलेलं नसतं, वर फुगवटा असतो आणि एका चोचीच्या ठोक्याने मान फिरते. गोंडेवाली कोंबडी असेल आणि काल भांडण झालं असेल तर पहिला संशय इथे. उपाय म्हणजे अंधार, शांतता, पाणी, जीवनसत्त्वं, आणि डॉक्टरांनी दिलं तर सूज उतरवणारं औषध. माणसांची दुखण्यावरची गोळी मनाने देऊ नका.

मारेक्स. हा शब्द नवीन माणसाने पाठच करावा. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून हे नाव, नागीण ज्या गटातल्या विषाणूने होते त्याच गटातला हा कोंबडीचा विषाणू. पिसांच्या कोंड्यातून हवेत पसरतो आणि धुळीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे तो आत आला नसेल असा कळप शोधूनही सापडणं अवघड. साधारण दीड महिन्यानंतर, बहुतेक वेळा अंड्यावर यायच्या वयातल्या तलंगेत दिसतो. आधी एका पायाने लंगडते, मग एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडते, एक पंख लोंबतो, खाते पण वाळत जाते, काहींच्या डोळ्याचं बुबुळ राखाडी होतं आणि बाहुली वेडीवाकडी. उपचार नाही. काही दिवस बऱ्या होतात, पुन्हा पडतात. लस आहे, ती अंड्यातच किंवा पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली देतात, ती गाठी आणि लकवा टाळते, पण विषाणू अंगात शिरणं आणि पसरणं पूर्ण थांबवत नाही. म्हणून लस दिलेली पिल्लंही पहिले एक-दोन आठवडे मोठ्या कोंबड्यांच्या धुळीपासून लांब ठेवतात. पिल्लं घेताना मारेक्सची लस झाली का हा प्रश्न रंग आणि जात विचारायच्या आधी विचारा.

मानमोडी, म्हणजे राणीखेत. यात मान फिरते म्हणूनच तर आपल्या भाषेत हे नाव पडलं, आणि म्हणूनच मान फिरली की सगळे मानमोडी म्हणून मोकळे होतात. पण मानमोडीत सहसा एकच कोंबडी आजारी पडत नाही. दोन-चार दिवसांत अनेक, तोंड उघडून श्वास, हिरवी शीट, डोळ्यांभोवती सूज, अंडी एकदम बंद किंवा पातळ कवचाची, आणि मग मान फिरणं, पंख-पाय लुळे पडणं. संसर्गानंतर लक्षणं दिसायला साधारण २ ते १५ दिवस लागतात. आजार झाल्यावर औषध नाही, लस आधीच द्यायची असते, डोळ्यात-नाकात थेंब किंवा पाण्यातून, आणि पुन्हा पुन्हा. माणसाला यातून डोळे येऊ शकतात, म्हणून हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

बर्ड फ्लूमध्येही मान फिरणं, थरथर, तोल जाणं दिसतं, सोबत तुरा निळा-जांभळा, चेहरा सुजलेला, आणि काही तासांत एकामागून एक मृत्यू. असं चित्र असेल तर हा लेख बाजूला ठेवा. मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने हात लावू नका, मास्क, हातमोजे, लहान मुलांना लांब, कुठलाही पक्षी बाहेर न्यायचा नाही, अंडी विकायची-वाटायची नाहीत, आणि सरकारी पशुवैद्यकीय खात्याला फोन. मानमोडी आणि बर्ड फ्लू दोन्ही बहुतेक देशांत कळवणं बंधनकारक असलेले आजार आहेत. लपवल्याने आसपासच्या सगळ्यांचे पक्षी जातात.

बोटुलिझम. कुजलेला उंदीर, सडका पाला, त्यातल्या अळ्या खाल्ल्या की जंतूचं विष पोटात जातं. आधी पाय, मग पंख, मग मान आणि पापण्या, सगळं लुळं. कोंबडी शुद्धीत असते, नुसतं काहीच हलत नाही, पिसं हातात सहज निघून येतात. पहिले ४८ तास निघाले तर बहुतेक वेळा वाचते. त्या वेळात थेंबाथेंबाने पाणी, तेही गिळता येत असेल तरच, आणि डॉक्टरकडे लवकर. घरी करायची गोष्ट म्हणजे ते कुजलेलं शोधून काढणं, नाहीतर उद्या दुसरी पडेल. झाडाखाली, पेंढीमागे, पाण्याच्या टाकीमागे वास घेत फिरा.

विषबाधा म्हटलं तर शिसं, कीटकनाशक, मीठ. जुन्या रंगाचे पोपडे, मासेमारीचे वजनाचे तुकडे, फुटलेल्या बॅटऱ्या, कोंबडी चमकणारं काहीही गिळते. एक्स-रे आणि रक्ततपासणीत कळतं आणि त्यावर शिसं बाहेर काढणारं औषध असतं, पण अंड्यातही शिसं उतरतं म्हणून ती अंडी खायची नाहीत. फवारणीनंतर लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या आणि थरथर असेल तर ही तासांची गोष्ट आहे, बाटलीचा फोटो घेऊन डॉक्टर गाठा.

एक ते तीन आठवड्यांच्या बऱ्याच पिल्लांची मान-डोकी एकदम थरथरत असतील, हातात घेतल्यावर मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखं वाटत असेल, तर अंड्यातून आईकडून आलेला मेंदूज्वराचा विषाणू असू शकतो. उपचार नाही, हलकी लागण झालेली पिल्लं जगतात, काहींना पुढे मोतीबिंदू होतो.

जीवनसत्त्वं आणि रोजची सेवा

एकच कोंबडी, मान ताठ फिरलेली, श्वासाचा त्रास नाही, अँप्रोलियम चालू नाही, तर कारण पक्कं कळायची वाट न बघता बी-कॉम्प्लेक्स आणि इ सुरू करायला हरकत नाही असं माझं मत आहे, कमतरता नसली तरी नुकसान नाही. बी-कॉम्प्लेक्स पाण्यात विरघळतं, जास्तीचं शरीराबाहेर जातं, रोज लगद्यात किंवा ड्रॉपरने द्या, प्रमाण वजनावरून डॉक्टरांना विचारा. बी-१ हेच कारण असेल तर काही तासांत फरक दिसतो आणि तो बघताना खरंच डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

इ जीवनसत्त्व तेलात विरघळतं, पिण्याच्या पाण्यात टाकलं तर वर तरंगत बसतं, म्हणून माणसांची ४०० युनिटची कॅप्सूल टोचून मोठ्या कोंबडीला दिवसातून एकदा लगद्यावर किंवा चोचीच्या कडेला, छोट्या जातीला अर्धी. ते नीट लागू पडायला सेलेनियम हे खनिज हवं, पण सेलेनियमचं औषध आणि विष यांत अंतर फार कमी आहे, वेगळी गोळी देऊ नका, लगद्यातल्या उकडलेल्या अंड्यातून मिळतं तेवढं पुरे.

मानेचा व्यायाम दिवसातून दोन-तीनदा, पाणी पाजतानाच होतो तो. डोकं हातात धरून ती जिथपर्यंत आणू देईल तिथपर्यंतच, अर्धा मिनिट, सोडायचं, पुन्हा. जोर लावून सरळ करायचं नाही.

पाय गेले असतील तर झोळी करा. खोक्याच्या तोंडावर मऊ कापड बांधा, त्याला पायांसाठी दोन भोकं आणि शीट खाली पडायला मागे एक, पाय खाली नुसते टेकतील इतकी उंची, समोर वाटी-पेला. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं, मग वाढवत न्या. सतत एकाच जागी पडलेल्या कोंबडीच्या छातीच्या हाडाला फोड येतात आणि मागे शीट चिकटून माश्या बसतात, अळ्या पडतात, म्हणून दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. पिल्लाची बोटं मुडपली असतील तर बी-२ सोबत चिकटपट्टीचा छोटा बूट करून बोटं सरळ बसवा. पहिल्या काही दिवसांत केलं तर उपयोग होतो, महिन्याने नाही.

अँटिबायोटिक मनाने नको. विषाणूवर ते चालत नाही, आणि कानाच्या इन्फेक्शनला कुठलं लागेल ते डॉक्टर ठरवतील. काही औषधं एकमेकांशी भांडतात, टियामुलिन हे अँटिबायोटिक मोनेन्सिन (रक्ती हगवण टाळायला खाद्यात घालतात ते औषध) मिसळलेल्या खाद्यासोबत दिलं तर त्यातूनच लकवा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना पोत्यावरच्या लेबलचा फोटो दाखवा. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या.

सुधारतेय की नाही

चिमीची सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. चौथ्या दिवशी दहा मिनिटं मान सरळ, मग पुन्हा उलटी. आठव्या दिवशी सकाळभर सरळ, संध्याकाळी शेजारी कुत्रं भुंकलं आणि सगळं पहिल्यासारखं, त्या रात्री मला वाटलं सोडून द्यावं. मी रोज वहीत फक्त तीन गोष्टी लिहायचो, वजन, मान सरळ असण्याचा वेळ, स्वतःहून किती वेळा खाल्लं. दिवस बघितला तर निराशा येते, आठवडा बघितला तर चढ दिसतो. मान फिरण्यातून बाहेर यायला दोन आठवडे ते महिना-सव्वा महिना धरून चाला, आणि मान सरळ झाल्यावरही जीवनसत्त्वं आणखी दोन आठवडे चालू ठेवा.

पण आठवडाभर पोटात नीट जाऊनही वजन उतरतच असेल, दुसरा पायही गेला, झटके थांबत नाहीत, किंवा हातात घेतल्यावर डोळे मिटूनच राहते, तर डॉक्टरांशी शांत मरण देण्याबद्दल बोला. मारेक्सच्या कोंबडीला मी असंच जाऊ दिलंय, तीन आठवडे सेवा करून, आणि आज वाटतं की दोन आठवड्यांनीच द्यायला हवं होतं, शेवटचे दिवस तिच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते.

गेली तर शवविच्छेदन करून घ्या, विशेषतः घरात आणखी कोंबड्या असतील तर. शव दुहेरी पिशवीत, खाण्याच्या वस्तूंपासून वेगळं, फ्रिजच्या थंड भागात ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणी नीट होत नाही. एका दिवसाच्या आत पोचवा. मारेक्समध्ये बऱ्याचदा मांडीतली मोठी नस एका बाजूची जाड, पिवळट झालेली नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि मग बाकीच्यांचं काय करायचं ते ठरवता येतं.

परत कळपात सोडताना

नवीन आणलेली कोंबडी महिनाभर वेगळी ठेवतात तो नियम बऱ्या झालेल्या कोंबडीलाही डॉक्टरांना विचारून लावा, कारण संसर्ग असेल तर ती बरी दिसूनही पसरवू शकते. संसर्ग नाही असं ठरलं तर आधी आठवडाभर जाळीच्या पलीकडे ठेवा, एकमेकींना दिसल्या पाहिजेत, कारण महिनाभर गायब असलेलीला कळप परकी समजतो आणि पुन्हा डोक्यालाच टोचतो. मग संध्याकाळच्या वेळी, तिच्यासोबत कळपातली सगळ्यात गरीब एकच कोंबडी, दोन-तीन दिवस. मग बाकीच्या. खाण्याची भांडी दोन, लांब लांब. दांडी सुरुवातीला जमिनीपासून वीतभरच, मान फिरून गेलेल्या कोंबडीला अंतराचा अंदाज परत यायला वेळ लागतो, चिमी पहिले चार दिवस दांडीवर उडी मारायची आणि दांडीच्या अलीकडेच उतरायची, पाचव्या दिवशी बसली.